कल्पित लिपीसाठी कीबोर्ड लेआउट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वहीत लिपी जमली, अक्षरांना वळण आलं, आता ती संगणकावर टाइप करायची आहे. या टप्प्यावर जे प्रश्न पडतात ते इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः एकाच लिपीसाठी चार लेआउट बनवले आणि त्यातले तीन मोडीत काढले. त्यामुळे काही उत्तरांत माझा कल उघड दिसेल, तो तसाच राहू दिला आहे.

फॉन्टमध्ये इंग्रजी 'ए'च्या जागी माझं पहिलं अक्षर बसवलंय, 'बी'च्या जागी दुसरं. टाइप होतंय की! मग वेगळा लेआउट कशाला?

होतंय, पण तो फॉन्ट निवडलेला असेपर्यंतच. संगणकाच्या लेखी तुम्ही अजून इंग्रजीच लिहिताय. त्यामुळे वाक्याच्या सुरुवातीला तो आपणहून कॅपिटल अक्षर करतो आणि तुमच्या लिपीत तिथे भलतंच अक्षर उमटतं. प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ येते. मजकूर दुसरीकडे चिकटवला की अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उरते. युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांना कोड देणारं समाईक मानक, येण्याआधीच्या फॉन्टांत टाइप केलेला मराठी मजकूर ज्यांनी नंतर कधी उघडून पाहिलाय, त्यांना हे दुखणं माहीत आहे.

इथे तीन वेगवेगळी कामं आहेत. कोणतं अक्षर साठवलं जाणार ते कोड सांगतो. कोणती कळ दाबल्यावर कोणता कोड जाणार ते लेआउट ठरवतो. त्या कोडाचं पडद्यावर काय रूप दिसणार ते फॉन्ट ठरवतो. कळांचा विचार पहिल्यांदा सुचतो कारण कळा डोळ्यांसमोर असतात, पण सुरुवात कोडापासून करावी लागते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग माझ्या अक्षरांना कोड देणार कोण?

तुम्हीच. युनिकोडने त्यासाठी मोकळी जागा राखून ठेवली आहे, तिला खासगी वापराचं क्षेत्र म्हणतात. मुख्य पट्ट्यात यू+ई००० पासून यू+एफ८एफएफ पर्यंत ६,४०० जागा आहेत. शिवाय १५व्या आणि १६व्या प्रतलात, म्हणजे मुख्य पट्ट्याच्या वरच्या कोडांच्या विभागांत, प्रत्येकी ६५,५३४ आहेत. या जागांना युनिकोड कधीच ठरावीक अक्षर देणार नाही, असं मानकातच म्हटलेलं आहे.

मुख्य पट्ट्यातली जागा घ्या. वरच्या प्रतलांतलं प्रत्येक अक्षर विंडोजच्या आत दोन तुकड्यांत साठवलं जातं, आणि काही लेआउट साधनांना ते दोन तुकडे नीट हाताळता येत नाहीत. ६,४०० जागा कोणत्याही एका लिपीला पुरून उरतात.

खासगी क्षेत्रात मालकी नसते, हेही ध्यानात ठेवा. तुमचा ई००० हाच दुसऱ्या कुणाचाही ई००० असू शकतो. हा गोंधळ कमी करण्यासाठी जॉन कोवान आणि मायकेल एव्हरसन यांनी कॉनस्क्रिप्ट युनिकोड रजिस्ट्री नावाची एक स्वेच्छेची नोंदवही सुरू केली. तिच्यात टोल्किनच्या कथांमधली तेंग्वार ई००० पासून, त्याचीच किर्थ ई०८० पासून आणि 'स्टार ट्रेक'मधली क्लिंगन एफ८डी० पासून आहे. तिला अधिकृत दर्जा नाही, पण तिथल्या व्यापलेल्या जागा टाळलेल्या बऱ्या. पट्ट्याच्या अगदी शेवटची जागाही टाळा, कारण अॅपलच्या फॉन्टांत एफ८एफएफ या कोडावर सफरचंदाचं चिन्ह आहे. त्याच कोडावर नोंदवहीत क्लिंगनचं एक चिन्ह आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, वाचणाऱ्याला मात्र काय दिसेल ते त्याच्या फॉन्टवर अवलंबून.

माझी लिपी कधी खऱ्या युनिकोडमध्ये जाईल का?

त्या आशेवर थांबू नका. बनवलेल्या लिप्या तिथे आहेत, उदाहरणार्थ इंग्रजी लिहिण्यासाठी घडवलेल्या दोन: डेझरेट २००१ साली आली, ४८ अक्षरांची शेव्हियन २००३ साली. पण त्या दोन्हींत छापलेला मजकूर होता. क्लिंगनचा प्रस्ताव १९९७ साली गेला आणि २००१ साली फेटाळला गेला.

कोड कोणत्या क्रमाने द्यायचे?

तुमच्या वर्णमालेच्या क्रमाने. अनोळखी कोडांची यादी संगणक कोडाच्या आकड्यानुसारच लावतो, म्हणजे वर्णमालेचा क्रम आणि कोडाचा क्रम एक असेल तर शब्दसूची फुकटात बरोबर लागते. मी आधी जशी अक्षरं सुचली तसे कोड देत गेलो होतो. पुढे कोश करायला घेतला तेव्हा 'न' सगळ्यात शेवटी आणि अंक मध्येच!

गटांच्या मधे मोकळ्या जागा सोडा. कोडांचे आकडे सोळाच्या पायावर लिहिले जातात, म्हणून सोळा-सोळा जागांच्या ओळींत गट पाडणं सोयीचं पडतं: व्यंजनांना दोन ओळी, स्वरचिन्हांना एक, इतर खुणांना एक, अंकांना एक. नवं अक्षर सुचणारच नाही असं आज वाटतंय, सहा महिन्यांनी वाटणार नाही.

कळा पुरतील का?

हिशोब करून पाहू. अमेरिकन पद्धतीच्या कीबोर्डवर अक्षर उमटवणाऱ्या ४७ कळा असतात, स्पेसबार वेगळा. शिफ्ट धरून ९४ जागा झाल्या. अल्ट-जीआर (उजवीकडची अल्ट कळ) आणि शिफ्टसह अल्ट-जीआर हे आणखी दोन थर घेतले तर १८८. युरोपीय पद्धतीच्या कीबोर्डवर डाव्या शिफ्टला लागून एक जादा कळ असते. तिच्यावर काहीही ठेवू नका, कारण बऱ्याच लोकांच्या कीबोर्डवर ती नसते.

माझ्या लिपीत २६ व्यंजनं, ८ स्वरचिन्हं, ३ इतर खुणा आणि १० अंक. बेरीज नेमकी ४७. शिफ्टला हात न लावता सगळं बसतं म्हणून मी त्या दिवशी फार खूश होतो. स्वल्पविराम कुठे टाइप करायचा, हा प्रश्न पहिलं वाक्य लिहिताना पडला.

तुमच्या लिपीत रोमनसारखा लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसेल, तर शिफ्टचा अख्खा थर मोकळा मिळतो. त्याचा उपयोग जोड्यांसाठी करा. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाणित लेआउटमध्ये 'क'च्या कळेवर शिफ्ट धरलं की 'ख' येतो, 'ग'वर 'घ', 'त'वर 'थ'. म्हणजे एक कळ पाठ झाली की दोन अक्षरं पाठ. शेव्हियनमध्ये अघोष अक्षर उलटं फिरवलं की त्याचं घोष जोडीदार अक्षर होतं, तिथेही शिफ्टची जोडी आपसूक सुचते. तुमच्या लिपीत असं काही नातं असेल, आकाराचं किंवा उच्चाराचं, तर ते कळांवर उतरवा. नातं नसलेल्या अक्षरांच्या जोड्या मात्र लावू नका, त्या लक्षात राहत नाहीत.

कळा उच्चारानुसार लावाव्यात, की बोटांच्या सोयीने?

सर्वांत जास्त वाद याच प्रश्नावर होतात. मार्ग तीन आहेत.

पहिला उच्चाराचा. 'के' कळेवर 'क', 'एम'वर 'म'. शिकायला दहा मिनिटं लागतात आणि मित्राला लगेच वापरता येतो. पण क्वर्टीची, म्हणजे नेहमीच्या इंग्रजी कीबोर्डची, रचना तुमच्या भाषेसाठी झालेली नाही. टंकयंत्रावरची ती मांडणी शोल्सच्या १८७८च्या पेटंटमध्ये दिसते, तिला तुमच्या स्वरांची वारंवारता ठाऊक असण्याचं कारण नाही. तुमच्या भाषेत 'प' आणि 'क' भरपूर असतील तर एकासाठी करंगळी वरच्या ओळीत ताणावी लागणार आणि दुसरा आयता बोटाखाली मिळणार, निव्वळ योगायोगाने. शिवाय एकाच रोमन अक्षराशी जुळणारे तीन ध्वनी असले की उरलेले दोन कुठेतरी कोपऱ्यात जातात.

दुसरा मार्ग लिपीच्या तक्त्याचा. अक्षरं मुळात कोष्टकात बसत असतील तर ते कोष्टकच कीबोर्डवर ठेवायचं. तेंग्वारच्या फार वापरल्या गेलेल्या जुन्या फॉन्टांत हेच केलं होतं: तिन्को '१'च्या कळेवर, त्याखाली पार्मा 'क्यू'वर, त्याखाली काल्मा 'ए'वर, त्याखाली क्वेस्से 'झेड'वर. शेजारच्या स्तंभात त्यांचे घोष सोबती. ज्याला तक्ता पाठ आहे त्याला लेआउट वेगळा शिकावाच लागत नाही. दोष असा की तक्त्यात सगळी अक्षरं समान मानाची असतात, वापरात नसतात. त्यामुळे महिन्यातून एकदा लागणारं अक्षर मोक्याच्या जागी बसून राहतं.

तिसरा मार्ग वारंवारतेचा, ड्वोरॅक या पर्यायी इंग्रजी मांडणीच्या १९३६च्या पेटंटमागचा विचार हाच होता. सर्वाधिक लागणारी अक्षरं मधल्या ओळीत, जिथे 'एफ' आणि 'जे' कळांवर चाचपायला उंचवटे असतात. स्वर एका हाताला, व्यंजनं दुसऱ्या हाताला, म्हणजे हात आलटून पालटून चालतात. इन्स्क्रिप्टची ढोबळ विभागणीही अशीच आहे: स्वर आणि मात्रा डावीकडे, बहुतेक व्यंजनं उजवीकडे. ज्यांना ती मांडणी येते त्यांनी आपल्या लिपीचा लेआउट तिच्यावरच बेतावा असं माझं स्पष्ट मत आहे. बोटांना जे आधीच येतं त्यावर पाणी सोडू नये.

लिपी फक्त स्वतःसाठी आणि रोज लिहायला असेल तर तिसरा मार्ग. इतरांनी अधूनमधून दोन ओळी टाइप कराव्यात अशी इच्छा असेल तर पहिला. दोन्ही हवे असतील तर दोन लेआउट बनवा. कोड तेच असल्यामुळे मजकुरात काहीच फरक पडत नाही.

वारंवारता मोजणार कशी? माझ्या भाषेत अजून दोनच पानांचा मजकूर आहे.

दोन पानांवर विसंबू नका. त्यात नायकाचं नाव चाळीस वेळा आलेलं असतं आणि त्याच्या नावातलं विचित्र अक्षर यादीत वर चढतं. आधी विशेषनामं वगळा. मग शब्द मोजण्याऐवजी व्याकरणाकडे पाहा: विभक्तीचे प्रत्यय, क्रियापदांची शेवटची रूपं, 'आणि', 'हा', 'नाही' यांसारखे शब्द तुमच्या भाषेत काय आहेत? मजकूर वाढेल तसा तो याच अक्षरांनी वाढणार आहे.

पुष्कळ जण कल्पित लिपीत मराठीच लिहितात, रोजनिशी वगैरे. त्यांचं काम सोपं आहे: कोणताही लांब मराठी मजकूर घेऊन त्यातली अक्षरं मोजायची. फक्त एक खाचखळगा आहे. देवनागरीत 'अ' व्यंजनातच मुरलेला असतो, तो लिहावा लागत नाही आणि मोजणीत येत नाही. तुमच्या लिपीत तो वेगळा लिहावा लागत असेल तर तो सर्वाधिक दाबाव्या लागणाऱ्या कळांत जाऊन बसतो. याउलट तुमच्या लिपीतही तो मुरलेला असेल तर पायमोडकं चिन्ह सारखं लागतं. इन्स्क्रिप्टने हलन्त मधल्या ओळीत, डाव्या मधल्या बोटाखाली ठेवला आहे. ती जागा कुणी उगाच दिलेली नाही.

एकेकट्या अक्षरांइतकंच महत्त्व जोड्यांना आहे. लागोपाठ येणारी दोन अक्षरं एकाच बोटाकडे आली की वेग मरतो. क्वर्टीवर 'ई' आणि 'डी' एकाच बोटाच्या कळा आहेत आणि इंग्रजीत ही जोडी पदोपदी येते. नव्या लेआउटमध्ये हा वारसा चालवायची गरज नाही.

स्वरचिन्ह व्यंजनाच्या आधी टाइप करायचं की नंतर?

साठवण नेहमी एकाच नियमाने करा, मग टाइप कसंही करा.

देवनागरीत 'कि' लिहिताना आपण 'क' आणि मग वेलांटी टाइप करतो, साठवणही त्याच क्रमाने होते. पडद्यावर वेलांटी 'क'च्या डावीकडे जाते, कारण अक्षरं मांडणाऱ्या प्रणालीला देवनागरीचे नियम शिकवलेले आहेत. तुमच्या लिपीचे नियम तिला कुणी शिकवलेले नाहीत. खासगी क्षेत्रातले कोड जसे आले तसे, एकापुढे एक मांडले जातात. चिन्ह वर किंवा खाली बसत असेल तर काळजी नाही. फॉन्टमध्ये त्या चिन्हाला 'मार्क' म्हणून नोंदवायचं, व्यंजनावर आणि चिन्हावर जुळणीचे बिंदू द्यायचे, ते जागेवर बसतं. चिन्ह डावीकडे जाणारं असेल तर खटाटोप आहे. फॉन्टमध्ये दोन पायऱ्यांचा नियम लिहावा लागतो: पहिल्या पायरीत व्यंजन आणि चिन्ह मिळून एक तात्पुरतं जोडरूप, दुसऱ्या पायरीत त्या जोडरूपाचे पुन्हा दोन तुकडे, पण उलट क्रमाने. २६ व्यंजनं आणि असं एकच चिन्ह असेल तर २६ तात्पुरती रूपं. एका दुपारचं काम आहे, तीन चिन्हं असतील तर एका आठवड्याचं, कारण तोवर कंटाळा येतो.

तेंग्वारचं उदाहरण बोलकं आहे. टोल्किनच्या दोन भाषांपैकी क्वेन्या लिहिताना स्वराची खूण आधीच्या व्यंजनावर बसते, सिंदारिन लिहिताना पुढच्या. साठवणीत मात्र खूण ज्या अक्षरावर बसते त्याच्या मागून येते. म्हणजे सिंदारिन लिहिताना तोंडाने स्वर आधी आणि बोटांनी व्यंजन आधी. थोडा वेळ टाइप केलं की डोकं गरगरतं. इथे लेआउट मदतीला येतो: स्वराची कळ दाबली की तो स्वर धरून ठेवायचा, व्यंजन आलं की आधी व्यंजन आणि मग खूण सोडायची. टाइप करणारा बोलल्याप्रमाणे टाइप करतो, फाइलमध्ये क्रम योग्य जातो.

म्हणजे डेड की का?

हो, हा डेड कीचाच प्रकार. डेड की म्हणजे दाबल्यावर काहीच न उमटवणारी, पुढच्या कळेची वाट पाहणारी कळ. देवनागरी टाइप करणाऱ्यांना ती खटकते, कारण आपल्याला दाबलेलं लगेच दिसायची सवय असते. म्हणून वरच्यासारखी खरी गरज असेल तिथेच वापरा, किंवा क्वचित लागणाऱ्या अक्षरांसाठी. रोजच्या अक्षरांसाठी डेड की म्हणजे प्रत्येक शब्दाला दीडपट कळा.

एका अक्षरावर दोन खुणा येतात. कधी शब्द सापडतो, कधी शोधूनही सापडत नाही. का?

कारण तुम्ही कधी 'स्वर, मग नासिक्य' टाइप केलंय आणि कधी 'नासिक्य, मग स्वर'. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, फाइलमध्ये वेगळे. युनिकोडमधल्या नेहमीच्या जोडखुणांना क्रमाचे वर्ग दिलेले असतात, त्यामुळे असे उलटसुलट क्रम बऱ्याचदा आपोआप सरळ केले जातात. खासगी कोडांचा वर्ग शून्य असतो, त्यांना कुणी हात लावत नाही. म्हणून ही जबाबदारी लेआउटवर येते: नासिक्याच्या मागून स्वर आला तर दोघांची अदलाबदल करून टाकायची. हे ज्या साधनात जमतं तेच साधन निवडा.

बॅकस्पेस दाबल्यावर अक्षर जावं की फक्त खूण?

फक्त खूण. आपण चुकतो ती बहुतेक वेळा शेवटच्या कळेला. बाणाची कळ मात्र त्रास देईल: देवनागरीत कर्सर 'कि'ला एक घटक मानून ओलांडतो, खासगी कोडांत प्रत्येक खूण स्वतंत्र मानली जाते, त्यामुळे कर्सर अक्षर आणि खुणेच्या मधे अडकल्यासारखा वाटतो. यावर लेआउटकडे उपाय नाही.

माझी लिपी उजवीकडून डावीकडे जाते.

मग एका सक्तीच्या चिन्हाची सोय लेआउटमध्ये करा. खासगी क्षेत्रातली सगळी अक्षरं संगणक डावीकडून उजवीकडे जाणारी मानतो, आणि ते बदलता येत नाही. यू+२०२ई हे न दिसणारं चिन्ह त्यापुढच्या मजकुराची दिशा सक्तीने उलटवतं, यू+२०२सी ती सक्ती संपवतं. दोन्ही अल्ट-जीआरच्या थरात, शेजारी शेजारी ठेवा. सक्ती अंकांवरही लागू होते, हे विसरू नका: १२३ लिहायला जाल आणि ३२१ दिसेल. वरून खाली जाणाऱ्या लिपीबाबत लेआउटला काहीच करावं लागत नाही, तो प्रश्न पान मांडणाऱ्याचा.

कोणतं साधन घ्यावं?

फक्त विंडोज आणि साधी लिपी असेल तर मायक्रोसॉफ्ट कीबोर्ड लेआउट क्रिएटर पुरतं. चित्रातल्या कळेवर क्लिक करायचं, कोड द्यायचा, संपलं. मर्यादा अशा: एका कळेवर जास्तीत जास्त चार तुकड्यांचा मजकूर, आणि डेड कीतून एकच तुकडा. वरच्या प्रतलातलं अक्षर दोन तुकड्यांचं असल्यामुळे ते डेड कीतून निघतच नाही. खुणांची अदलाबदल वगैरे इथे विसरा.

मॅकसाठी युकेलेली. तिथे डेड कीच्या एकापुढे एक पायऱ्या लावता येतात आणि एका कळेतून लांब मजकूरही निघतो. लेआउटची फाइल एक्सएमएलमध्ये असते, हाताने दुरुस्त करता येते.

लिनक्समध्ये एक्सकेबीची मजकूर फाइल. प्रत्येक कळेपुढे चार थरांची चार अक्षरं लिहायची. सुरुवात करायला सोपी, पण चुकीच्या ठिकाणी अर्धविराम राहिला तर पूर्ण लेआउट लागू होत नाही. मूळ फाइलची प्रत काढून ठेवा.

माझी पसंती कीमॅनला. विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन आणि ब्राउझर, सगळीकडे चालतो, फुकट आहे आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. त्याचं खरं बळ असं की तो आधी काय टाइप झालंय ते पाहून निर्णय घेतो. 'व्यंजनानंतर ही कळ आली तर स्वरचिन्ह, शब्दाच्या सुरुवातीला आली तर पूर्ण स्वर' हा नियम दोन ओळींत लिहिता येतो, म्हणजे मात्रा आणि स्वरांसाठी दोन वेगळे थर लागत नाहीत. माझ्या चौथ्या लेआउटमध्ये आठ कळा अशाच वाचल्या. स्वल्पविराम अखेर तिथे आला.

नवा लेआउट लावल्यापासून कॉपी-पेस्टचे शॉर्टकट बंद पडले!

विंडोजवर कोऱ्या पाटीपासून सुरुवात करू नका. अमेरिकन लेआउट उघडा, त्यावर आपली अक्षरं ठेवा, म्हणजे कळांची अंतर्गत ओळख तशीच राहते आणि शॉर्टकट चालतात. मॅकवर कमांड कळेच्या थरात रोमन अक्षरं राहू द्या. विंडोजवर अल्ट-जीआर म्हणजे कंट्रोल आणि अल्ट एकत्र, त्यामुळे त्या जोडीचा शॉर्टकट असलेला एखादा प्रोग्राम तुमचं अक्षर मधल्या मधे गिळू शकतो. महत्त्वाचं अक्षर त्या थरात ठेवू नका.

अंक आणि विरामचिन्हं?

विरामचिन्हं हलवू नका. लिपीचे स्वतःचे अंक अल्ट-जीआरवर जाऊ द्या, साध्या थरात नेहमीचे अंक ठेवा. पासवर्ड टाकताना लेआउट बदलायचा राहून जातो, तेव्हा हे पटेल.

फोनवर तोच लेआउट चालेल?

चालेल, पण आवडणार नाही. फोनवर अंगठे वापरले जातात, त्यामुळे हात आलटून पालटून चालवण्याचा हिशोब बदलतो, आणि एका ओळीत दहाच्या वर कळा ठेवल्या तर बोट शेजारच्या कळेवर पडतं. त्या बदल्यात कळ दाबून धरली की जोडीची अक्षरं वर दाखवता येतात. शिफ्टच्या जोड्या नीट लावल्या असतील तर त्याच इथे कामी येतात.

मित्राला पाठवलं तर त्याला नुसते चौकोन दिसतात.

त्याच्याकडे फॉन्ट नाही. फॉन्ट पाठवा, किंवा फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ पाठवा, किंवा चित्र. वेबपानावर असेल तर पानासोबतच फॉन्ट जोडता येतो. निरोपाच्या अॅपमध्ये फॉन्ट निवडायची सोय बहुधा नसते, तिथे चित्राला पर्याय नाही.

लेआउट चांगला झालाय हे कळणार कसं?

कळांवर चिकटपट्ट्या लावू नका. कागदावर नकाशा छापून पडद्याशेजारी ठेवा, म्हणजे नजर वर राहते. मग आठवडाभर रोज खराखुरा मजकूर टाइप करा, वर्णमाला नको. वर्णमाला कोणत्याही लेआउटवर टाइप होते.

चुकांची वही ठेवा आणि दोन प्रकार वेगळे लिहा. शेजारची कळ दाबली गेली तर ती बोटांची चूक, सरावाने जाते. दूरची कळ पण तुमच्या मते 'तीच असायला हवी' म्हणून दाबली गेली तर ती लेआउटची चूक, आणि ती जात नाही. माझा हात 'ळ'साठी सतत 'ल'च्या कळेवर शिफ्ट धरून जायचा, मी तो वेगळ्या जागी ठेवला होता. दहा दिवस भांडलो, मग 'ळ' हलवला. पहिल्या दोन दिवसांत मात्र काहीही बदलू नका. तेव्हा सगळंच चुकीचं वाटतं.

लोक वापरायला लागल्यावर लेआउट बदलता येतो का?

लेआउट खुशाल बदला. लिहिलेल्या मजकुराला कोणती कळ दाबली होती ते ठाऊक नसतं. फक्त नावात आवृत्तीचा आकडा टाका आणि जुनी आवृत्ती काढून न टाकता बाजूला ठेवा, कुणाच्या तरी बोटांत ती बसलेली असते.

कोड बदलणं मात्र महागात पडतं. तशी वेळ आलीच तर जुना कोड आणि नवा कोड असा दोन स्तंभांचा तक्ता करा, आणि बदल करण्याआधी जुन्या कोडांतला मजकूर कुठे कुठे आहे त्याची यादी करा. माझ्या यादीतून एक फाइल सुटली. ती उघडण्यापुरता पहिला फॉन्ट अजून जपून ठेवला आहे.